विद्युत्-गिटारची पारख



ज्याचें सारें आयुष्य मिरजेसारख्या सतारी-तंबोऱ्यांच्या गांवीं मुलांना गणित शिकविण्यांत गेलें, अशा एका निवृत्त शाळामास्तरानें 'हार्ड रॉक' आणि 'हेवी मेटल' या पाश्चात्य संगीतासाठीं गिटार कशी निवडावी या विषयावर नभोवाणीवरून बोलावें, हें ऐकून सकाळीं फिरावयास जाणाऱ्या आमच्या मंडळींत बराच हंशा पिकला. एकानें तर विचारलें, "गुरुजी, या वयांत केंस वाढविण्याचा बेत आहे कीं काय?" केंस शिल्लक असते तर तोहि विचार केला असता, असें मीं त्यांस सांगितलें. परंतु हा विषय मीं हौसेनें घेतलेला नाहीं. तो एका चुकीपोटीं माझ्याकडे आला, आणि ती चूक पुष्कळ घरांतून आजहि होत असेल असें वाटल्यावरून आपणांपुढें बोलावयास बसलों आहें.

गोष्ट तीन वर्षांपूर्वींची. माझा नातू दहावीची परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाला. बक्षीस काय हवें असें विचारतां त्यानें विद्युत्-गिटार मागितली. सायकल मागेल असा माझा अंदाज होता. मुलाला नोकरींतून सवड नसल्यामुळें आम्ही आजा-नातूच दुकानांत गेलों. तेथें एका मोठ्या खोक्यांत गिटार, तिचा छोटा ॲम्प्लिफायर, वायर, पट्टा, पिशवी असा सगळा संसार एकत्र बांधून ठेवलेला होता. गिटार काळीभोर आणि टोंकदार होती. नातवाला आकार आवडला, मला किंमत आवडली. वाद्य कसें आहे हें दोघांपैकीं कोणीच पाहिलें नाहीं.

पुढें सहा महिने रोज संध्याकाळीं तो ती लावावयास बसे. लावून होते न होते तोंच ती उतरे. लावलेली असली तरी वरच्या पडद्यांवर गेला कीं बेसूर. शेजारच्या खोलींत माझी पत्नी तंबोरा घेऊन बसणारी. तिच्यामुळें माझाहि कान थोडाबहुत तयार झालेला. एके दिवशीं मला राहवलें नाहीं व मी त्याला म्हणालों, "बाळ, तुझ्या कानांत सूर नाहीं. हा नाद सोड." पस्तीस वर्षांच्या नोकरींत असलीं वाक्यें मीं किती मुलांस ऐकविलीं असतील याचा हिशेब मजजवळ नाहीं. नातवानें उलट उत्तर केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं गिटार कपाटामागें गेली.

त्यानंतर कांहीं महिन्यांनीं तंबोऱ्याची जवारी काढण्यासाठीं आमच्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर घरीं आले. त्यांची नजर कपाटामागें गेली. त्यांनीं ती गिटार मांडीवर घेतली, बारावा पडदा दाबून तार छेडली, मग त्याच जागीं तारेला बोट नुसतें टेकवून छेडली, आणि मान हलविली. "गुरुजी, हें वाद्य सुरांत लागायचंच नाही. तानसेन आला तरी लागायचं नाही." तारा पडद्यांपासून इतक्या उंच होत्या कीं खालून काडेपेटीच्या दोन काड्या एकावर एक ठेवून सरकवाव्या. तार दाबण्यासाठीं इतकी खालीं ओढावी लागली म्हणजे ती ताणली जाते व स्वर चढतो. शिवाय घोडीची जागा चुकलेली, खुंट्या सैल. खोट पोराच्या कानांत नव्हती. उलट, बेसूर त्याला ऐकूं येत होतें म्हणूनच तो रोज तासतासभर लावीत बसे.

त्या रात्रीं मीं नातवाची क्षमा मागितली. "जाऊं द्या हो आजोबा," एवढेंच तो म्हणाला. गिटार मात्र त्यानें बाहेर काढली नाहीं. मग मीं परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणें एक वही घातली आणि हा विषय मुळापासून शिकावयास लागलों. त्या वहींतील कांहीं भाग आज आपणांस सांगतों.

हें संगीत वाद्याकडून काय मागतें तें प्रथम पाहूं. साध्या गिटारचें पोट पोकळ असतें व तारेचें कंपन त्या पोकळींत घुमून मोठें होतें. विद्युत्-गिटारमध्यें हें काम मुख्यतः लोहचुंबकाकडे असतें. तारांखालीं चुंबक व त्याभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असलेली एक चपटी डबी बसवितात; तिला पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकापुढें थरथरली कीं त्या वेढ्यांत तितक्याच वेगानें हेलकावणारी सूक्ष्म वीज उत्पन्न होते. मायकेल फॅराडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलेलें तत्त्व तें हेंच. ही वीज वायरीनें ॲम्प्लिफायरकडे जाते व तेथें तिचा पुनः आवाज होतो. पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज फार चढविला तर सभेंतील ध्वनिक्षेपकाप्रमाणें ती शिट्टी घालूं लागते. म्हणून भरीव लांकडाचें अंग आलें. अमेरिकेंत फेंडर कंपनीची भरीव गिटार १९५० सालीं, गिब्सन कंपनीची 'लेस पॉल' १९५२ सालीं व फेंडरचीच 'स्ट्रॅटोकॅस्टर' १९५४ सालीं बाजारांत आली. आज दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या बहुतेक गिटारी या दोन घराण्यांच्याच मुली-नाती आहेत.

गंमत अशी कीं, ॲम्प्लिफायर करणारांना स्वच्छ आवाज हवा होता. वाजविणारांनीं मात्र तो यंत्राच्या कुवतीबाहेर चढवून फाटका करून टाकला, आणि तोच त्यांच्या मनांत भरला. १९६४ सालीं लंडनच्या 'द किंक्स' या वाद्यवृंदांतील डेव्ह डेव्हिस यानें आपल्या लहानशा ॲम्प्लिफायरच्या कर्ण्याचा कागद वस्तऱ्याच्या पात्यानें चिरून त्यांतून खरखरीत आवाज काढला, व त्या ध्वनिमुद्रिकेनें इंग्लंडला वेड लावलें. या फाटक्या आवाजाला 'डिस्टॉर्शन' म्हणतात. शब्दाचा अर्थ विकृति असा असला तरी तो ऐकून नाक मुरडण्यापूर्वीं आपल्या तंबोऱ्याकडे पाहावें. तंबोऱ्याच्या घोडीवर तार स्वच्छ सुटूं देत नाहींत. घोडीचा माथा कानशीनें घांसून, खालीं रेशमी किंवा सुती दोरा सरकवून, तार त्या माथ्याला हळूहळू चाटत जाईल अशी करतात, आणि त्या चाटण्यानेंच एका स्वरांतून अनेक स्वरांचें मोहोळ उठतें. तारेला मोकळें कांपूं न देणें हीहि एक विकृतिच. ती आपण जवारी म्हणून कौतुकानें जपतों. मेटलवाले तेंच काम विजेच्या तारेंत करतात, एवढेंच.

साम्य येथेंच थांबत नाहीं. या संगीतांत पायाभूत म्हणून जी जोडी वाजवितात, तिला ते 'पॉवर कॉर्ड' म्हणतात. ही जोडी म्हणजे काय? षड्ज आणि पंचम! आपल्या तंबोऱ्यावर जे दोन स्वर अहोरात्र बोलतात तेच. याचें कारण गणिताचें आहे, म्हणून मला तें फार आवडलें. आवाज फाटला म्हणजे एकत्र वाजणाऱ्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी असे नवे स्वरहि त्यांत उत्पन्न होतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनें सेकंदास सुमारें ८२. तिचा पंचम सुमारें १२३. वजाबाकी ४१, म्हणजे त्या जाड तारेचाच एक सप्तक खालचा स्वर. जो कोणी वाजविलाच नाहीं तो षड्ज खालून आपोआप बोलूं लागतो. या संगीताचा जो भारदस्तपणा छातीला जाणवतो त्याचें बरेंचसें रहस्य या वजाबाकींत आहे. याच जोडींत पाश्चात्य पद्धतीचा गांधार घातला तर बेरजा-वजाबाक्या सरळ येत नाहींत व सारा गढूळ कालवा होतो. तेव्हां ज्या वाद्यावर षड्ज-पंचम नीट मिळत नाहीं, तें या संगीताला सर्वथा निरुपयोगी. साध्या स्वच्छ आवाजांत थोडासा बेसूर खपून जातो. डिस्टॉर्शन चढविलें कीं तोच दसपट होऊन अंगावर येतो. माझ्या नातवाची सहा महिने झालेली परवड ती ही. हलकें वाद्य नवशिक्याला चालेल अशी समजूत या संगीताच्या बाबतींत तर मुळींच खरी नाहीं.

आतां पिकअपकडे वळूं, कारण दुकानदाराशीं पहिली गांठ तेथेंच पडते. पिकअप दोन जातींचे. एकांत वेढ्यांचें एकच गुंडाळें असतें. 'स्ट्रॅटोकॅस्टर'वर असे तीन दिसतात. त्यांचा आवाज लखलखीत, परंतु घरांतील विजेच्या तारा व दिवे यांची गुणगुणहि ते टिपून घेतात. आपल्याकडे घरची वीज सेकंदाला ५० वेळां हेलकावते, तिचें गाणें कांहीं न वाजवितां चालूच राहतें. साधें संगीत असेल तर हें सोसतें. पण मेटलसाठीं आवाज प्रचंड वाढविला कीं ही गुणगुण भुंग्याची न राहतां गिरणीची होते. यावर गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर या तंत्रज्ञानें उपाय काढला व १९५७ पासून तो गिटारींवर बसूं लागला. त्यानें दोन गुंडाळीं शेजारीं-शेजारीं ठेवलीं; एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट, आणि चुंबकाचीं टोंकेंहि उलट. बाहेरची गुणगुण दोन्हींत सारखी शिरते, पण वेढे उलट असल्यामुळें एकमेकींस खोडून टाकते. तारेच्या स्वराच्या बाबतींत मात्र वेढेहि उलटे आणि चुंबकहि उलटा. ऋणाला ऋणानें गुणिलें म्हणजे धन होतें हें मीं सातवीच्या वर्गांत वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें. स्वर खोडला न जातां दुणावतो. गुणगुण मारणारा म्हणून याचें नांव 'हमबकर'.

हार्ड रॉक व मेटलसाठीं घ्यावयाच्या गिटारवर निदान घोडीजवळचा पिकअप तरी हमबकर असावा, असें माझें स्पष्ट मत आहे. घोडीजवळ तारेचा आवाज कडक व रेखीव येतो, दांडीजवळ गोल व मऊ. तडाख्याचें वादन पहिल्यावर, संथ आलाप दुसऱ्यावर. याला अपवाद आहेत. 'डीप पर्पल'चा रिची ब्लॅकमोर एकेरी पिकअपच्या स्ट्रॅटोकॅस्टरवरच वाजवी. पण अपवादाचा कित्ता नवशिक्यानें गिरवूं नये. कांहीं हमबकरांत लहानसें वर्धक-यंत्र असून त्यास ९ व्होल्टची बॅटरी लागते. 'मेटॅलिका'च्या जेम्स हेटफील्डमुळें या जातीचा मोठा बोलबाला झाला. आवाज अत्यंत नीटनेटका खरा. परंतु वाजवून झाल्यावर वायर गिटारमधून उपसून ठेवावी लागते, नाहीं तर बॅटरी रात्रींतून झिजत राहते. आमच्या घरीं पंखा बंद करण्याचें भान मुलांना नसतें, म्हणून मीं तो पर्याय सोडला.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, व ती एका अपघाताशीं जोडलेली आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हें कारखान्यांचें शहर. तेथें टोनी आयोमी नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यांत कामास होता. नोकरी सोडून गिटार वाजवावयाची असें ठरवून तो शेवटच्या दिवशीं कामावर गेला, आणि त्या दिवशींच यंत्रांत सांपडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचीं अग्रें तुटलीं. तो डावखुरा; म्हणजे ज्या बोटांनीं तारा दाबावयाच्या तींच गेलीं. डॉक्टरांनीं आशा सोडावयास सांगितलें. तेव्हां कारखान्यांतील त्याच्या मुकादमानें त्याला एक ध्वनिमुद्रिका आणून ऐकविली व नंतर सांगितलें कीं, हा जॅंगो राइनहार्ट. आगींत भाजल्यानंतर हा डाव्या हाताच्या दोनच बोटांनीं असा वाजवितो. आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठीं टोपणें केलीं, त्यांवर चामडें चिकटविलें. तरीहि तारा ताठ लागत. बारीक तारा त्या काळीं सहज मिळत नसत, म्हणून त्यानें बॅंजोच्या तारा चढविल्या. पुढें तारा तीन अर्धस्वर उतरवून त्या आणखी सैल केल्या. त्याच्या 'ब्लॅक सबाथ' या वाद्यवृंदाच्या १९७१ च्या तबकडींत हें खोल, जड स्वरूप स्पष्ट ऐकूं येतें. ज्याला आज हेवी मेटल म्हणतात त्याचा जन्म पुष्कळ लोक याच वाद्यवृंदापासून मानतात.

मुकादमाचा हा प्रसंग मीं वहींत उतरून घेतला, आणि त्याखालीं बराच वेळ कांहीं लिहूं शकलों नाहीं.

आयोमीच्या हकीकतींतून व्यवहाराची गोष्ट निघते ती तारेच्या लांबीची. गिटारच्या तारेची बोलती लांबी सर्वत्र सारखी नसते. गिब्सन घराण्यांत ती सुमारें पावणेपंचवीस इंच, फेंडर घराण्यांत साडेपंचवीस. पाऊण इंचानें काय होतें, असें वाटेल. तोच स्वर, तीच तार घेतली तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. पाऊण इंचानें तो शेंकडा सहांनीं चढतो. लहान हातांना, बारीक बोटांना आखूड लांबी सोपी. आयोमीच्या हातीं गिब्सनचीच 'एस्‌जी' असे. परंतु अलीकडची मुलें तारा फारच उतरवितात, आणि आखूड तार फार उतरविली तर ती दोरीसारखी लोंबते व पडद्यांवर खडखडते. अशांनीं साडेपंचवीस इंची वाद्य व जाड तारा घ्याव्या. त्याहूनहि खालीं जाणारांसाठीं सात तारांच्या गिटारी आहेत. जपानच्या इबानेझ कंपनीनें १९९० सालीं स्टीव्ह वाय या वादकाबरोबर तशी काढली. सहा तारांवर हात बसेपर्यंत सातवीच्या फंदांत पडूं नये. तेव्हां दुकानांत जाण्यापूर्वीं घरच्या मुलाला अगर मुलीला विचारावें, कीं तुला कोणाचें वाजवावयाचें आहे? 'एसी/डीसी'चें कीं 'मेटॅलिका'चें, कीं त्यानंतरच्या कोणा अतिखर्जवाल्यांचें? हा प्रश्न मीं पहिल्या वेळीं विचारलाच नव्हता. मला उत्तर कळलें नसतें हें खरें, पण विचारावयास काय हरकत होती?

घोडीविषयीं थोडक्यांत सांगतों. कांहीं घोड्या अचल असतात, तर कांहींना दांडा लावलेला असून तो दाबला कीं सगळ्या तारा एकदम सैल होऊन स्वर घसरत खालीं जातो. एडी व्हॅन हॅलन यानें निरनिराळ्या ठिकाणांहून अंग व दांडी आणून, स्ट्रॅटोकॅस्टरच्या आकारांत गिब्सनचा हमबकर बसवून स्वतःची गिटार जुळविली आणि १९७८ च्या पहिल्या तबकडींत तिच्यावर या दांड्याचीं अशीं कांहीं नवलें केलीं, कीं नंतर सर्वांनाच तो हवासा झाला. फ्लॉइड रोज या गृहस्थानें दोन्ही टोंकांस तारा कुलुपबंद करणारी घोडी काढून स्वर उतरण्याचा दोष घालविला. ती उत्तम आहे. परंतु तिची स्वस्त नक्कल फार वाईट, आणि एक तार तुटली कीं उरलेल्या पांचहि बेसूर होतात. पहिल्या गिटारला अचल घोडी असावी. मेटलमध्यें उजव्या तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून आवाज दाबीत-दाबीत वाजवितात, तेव्हां तेथें हाताला टोंचणारे स्क्रू नाहींत ना, एवढें अवश्य पाहावें.

आकारासंबंधीं माझें कांहीं म्हणणें नाहीं, असें मी म्हणणार होतों, पण आहे. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी 'फ्लाइंग व्ही' आणि विजेच्या लोळासारखी 'एक्स्प्लोरर' या दोन्ही गिब्सनच्या गिटारी १९५८ सालच्या. त्या वेळीं कोणी त्या विशेष घेतल्या नाहींत. पुढें मेटलवाल्यांनीं उचलून धरल्या. रंगमंचावर त्या शोभतात. पण 'व्ही' मांडीवर धड बसत नाहीं, आणि शिकणारा मनुष्य चार वर्षें रंगमंचावर नव्हे, पलंगाच्या कडेवर बसून वाजवितो. वजनहि हातांत घेऊन पाहावें. लेस पॉल कधींकधीं चार किलोंच्या वर भरते. पंधरा वर्षांच्या खांद्याला तो दप्तरावर दुसरा दप्तर होतो. लांकूड कोणतें यावर दुकानदार अर्धा तास बोलूं शकतो. त्याला बोलूं द्यावें व आपण तेवढ्यांत दांडी पाहावी.

दांडी पाहण्याची रीत मला त्या कारागिरांनींच शिकविली. बंदुकीचा नेम धरावा तशी गिटार डोळ्यापुढें धरून दांडीच्या कडेनें नजर टाकावी. ती पिळलेली असेल तर लगेच परत करावी. मग एक तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून मधला भाग पाहावा. तेथें जाड कागदापुरतीच फट असावी. फट जास्त असली तर दांडींत आंतून घातलेली पोलादी सळई फिरवून ती सुधारतां येते, तेवढ्यावरून वाद्य नाकारूं नये. बाराव्या पडद्यावर तारेची उंची दीड ते दोन मिलिमीटर असली म्हणजे बरी. त्यानंतर मीं मघांशीं सांगितलेली परीक्षा: बाराव्या पडद्यावर बोट नुसतें टेकवून येणारा स्वर आणि तोच पडदा दाबून येणारा स्वर, हे दोन्ही एकच असले पाहिजेत. सहाहि तारांवर पाहावें. थोडा फरक घोडीवरील स्क्रूनें जुळतो. दुकानदारास तो तेथेंच जुळवावयास सांगावें. तो टाळाटाळ करूं लागला तर दुसरें दुकान गांठावें. शेवटीं हात दांडीच्या कडेवरून खालपासून वरपर्यंत फिरवावा. पडद्यांचीं टोंकें करवतीसारखीं लागलीं तर तीं पुढें बोटें कापतील. आणि हें सर्व झाल्यावर पांच मिनिटें वाजवून पुनः सूर पाहावा. हीं पांच मिनिटें फार मोलाचीं आहेत. आम्हीं तीं वांचविलीं आणि सहा महिने घालविले.

ॲम्प्लिफायर हा या वाद्याचा अर्धा भाग आहे, म्हणून सगळे पैसे गिटारवर खर्चूं नयेत. लंडनच्या हॅनवेल भागांतील जिम मार्शल या ढोलवाद्य शिकविणाऱ्या दुकानदारानें १९६२ सालीं जो ॲम्प्लिफायर काढला त्याच्या वंशजांच्या भिंतीच्या भिंती रंगमंचावर उभ्या असतात. घराला त्यांतलें कांहींच नको. येथें एक गणित ध्यानांत ठेवावें: आवाज कानाला दुप्पट वाटावयास शक्ति सुमारें दसपट लागते. म्हणजे शंभर वॉटचें यंत्र दहा वॉटच्या फार तर दुप्पट मोठें वाटेल, किंमत मात्र दुपटीवर थांबत नाहीं. दहा ते वीस वॉटचें, आंतच डिस्टॉर्शन असलेलें व कानांस लावावयाच्या हेडफोनसाठीं छिद्र असलेलें यंत्र घरीं पुरे. हेडफोनचाहि आवाज मर्यादेंत हवा. गेलेला कान परत येत नाहीं. आपल्याकडील २००० सालच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल व रात्रीं दहा ते सकाळीं सहा ४५ आहे. तो नियम शेजाऱ्यांनीं आपणांस सांगण्यापूर्वीं आपणच मुलाला सांगावा. मुंबईंत १९८६ सालीं 'इंडिपेन्डन्स रॉक' हा मेळा सुरू झाला, २००७ सालीं 'आयर्न मेडन' आणि २०११ सालीं 'मेटॅलिका' बंगळूरास येऊन वाजवून गेले. तेव्हां हें वेड आजकालचें नाहीं व उद्यां जाणारेंहि नाहीं. शेजाऱ्यांना आणि आपणांस त्याच्याबरोबर नांदावयाचें आहे.

आतां आमचें काय झालें तें सांगतों. वही पूर्ण झाल्यावर मीं नातवाला बरोबर येण्याविषयीं विचारलें. तो प्रथम नाहीं म्हणाला. मी दोन आठवडे थांबलों. मग मीं त्याला वही वाचावयास दिली. षड्ज-पंचमाच्या वजाबाकीपाशीं त्यानें पेन्सिलीनें एक खूण केली होती, आणि शेवटच्या पानावर तीन वादकांचीं नांवें लिहिलीं होतीं. माझ्या न विचारलेल्या प्रश्नाचें तें उत्तर होतें. त्या नांवांवरून लांबी साडेपंचवीस इंच ठरली, हमबकर दोन ठरले, घोडी अचल ठरली. नवी गिटार आमच्या रकमेंत बसेना. म्हणून महाविद्यालयांतल्या एका विद्यार्थ्याची वापरलेली चौदा हजारांस घेतली. रंग विटकरी, एका कोपऱ्याला टवका गेलेला, आकार अगदीं सोज्ज्वळ. वरील सर्व परीक्षा मीं त्या विद्यार्थ्याच्या घरीं, त्याच्या आईच्या देखत घेतल्या. त्या बाईंनीं मला गिटारचा व्यापारी समजून भाव वाढवून मागितला, ही गोष्ट निराळी. पुढें आमच्या कारागिरांनीं अर्ध्या दिवसांत तारांची उंची उतरवून दिली आणि मजुरी म्हणून फक्त चहा घेतला.

गिटारची पांचवी तार इंग्रजी 'ए' स्वरांत, म्हणजे पेटीच्या पांढरी सहांत लावतात. आमच्या घरचा तंबोराहि पांढरी सहाचाच. पहिल्या संध्याकाळीं नातवानें ती तार ॲम्प्लिफायरवर छेडून एकदम हातानें दाबली, आणि कोपऱ्यांत गवसणी काढून ठेवलेल्या तंबोऱ्याचा खर्ज कोणी न छेडतां कितीतरी वेळ बोलत राहिला. माझी पत्नी स्वयंपाकघरांतून बाहेर आली. "कोणी लावला हो तंबोरा?" तिनें विचारलें. नातवानें आवाज थोडा कमी केला, तार किंचित् चढविली, आणि पुनः छेडून तंबोऱ्याकडे कान लावून बसला. हल्लीं तो गिटार लावण्यासाठीं तेंच करतो. मी शेजारच्या खोलींत वर्तमानपत्र घेऊन बसतों. त्याच्या संगीतांतलें मला अजून फारसें कळत नाहीं, आणि रात्रीं साडेनऊनंतर हेडफोन लावण्याचा आमचा करार आहे. तो त्यानें आतांपर्यंत दोनदांच मोडला.